एमएस कुणाला होतो? जोखीम, अफवा आणि आपली जबाबदारी

(चंद्रपूर-गडचिरोलीतील युवक-युवतींच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आरोग्यावर बोला, विषय तुम्हीच निवडा, असं संयोजकांनी मला सांगितलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हातापायातली ताकद गेलेली माणसं माझ्याकडे येतात. म्हणून मी ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ म्हणजे एमएस हा विषय निवडला. त्यावर एका कार्यकर्त्याने विचारलं, “मॅडम, आपल्याकडे सिकलसेल आहे, मलेरिया आहे, खर्रा आहे. हा गोऱ्या लोकांचा आजार कशाला?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देते. कर्नाटकात मंगळूरला झालेल्या पाहणीत लाख लोकांमागे सुमारे ८ जणांना एमएस असल्याचं दिसलं. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख आणि गडचिरोलीची पावणे अकरा लाखांच्या आसपास होती. मंगळूरचा दर इथे लावून पाहिला, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून अडीचशेच्या वर माणसं होतात. हा फक्त ढोबळ हिशेब आहे, मोजणी नाही. पण तुमच्या ओळखीत एमएस झालेलं किती जण आहे, ते आठवून बघा. बहुतेकांना एकही नाव आठवणार नाही. मग ही माणसं आहेत कुठे? काहींच्या कागदावर ‘कमजोरी’ लिहिलं आहे, काहींच्या ‘लकवा’. काहींच्या कागदावर काहीच नाही, कारण ती दवाखान्यात गेलेलीच नाहीत. घरचे म्हणतात, पोरीवर बाहेरचं काही आहे.

दुसरं कारण तुमचं वय. हा आजार बहुतेक वेळा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून जास्त होतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण या सगळ्याच्या ऐन मध्यात तो येतो.

आजार नेमका काय आहे

विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असतं. आपल्या मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि डोळ्यांच्या नसांवरही एक आवरण असतं. त्याला मायलिन म्हणतात. त्याच्यामुळे संदेश वेगाने आणि न गळता पोहोचतो. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकार यंत्रणा या आवरणावर हल्ला करते. आवरण सोललं की संदेश अडखळतो. डोळ्याच्या नसेवर हल्ला झाला तर एका डोळ्याने धूसर दिसतं, मज्जारज्जूवर झाला तर पाय जड होतात. अनेक जागी असे व्रण पडतात, म्हणून नावात ‘मल्टिपल’ आहे. १८६८ मध्ये पॅरिसच्या जाँ-मार्तां शार्को या डॉक्टरांनी या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं.

बहुतेक रुग्णांमध्ये सुरुवातीला हा आजार झटक्यांनी येतो. आजची चर्चा पुढे पुन्हा या गोष्टीवर येणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवा. झटका येतो, काही दिवस किंवा आठवडे राहतो आणि नंतर पुष्कळसा आपोआप ओसरतो. मधले काही महिने, कधी काही वर्षं माणूस ठीक दिसतो. मग पुन्हा झटका येतो. प्रत्येक वेळी थोडं नुकसान मागे राहतं आणि ते साठत जातं.

जोखीम म्हणजे काय

आपल्या जिल्ह्यांत सिकलसेलचं गणित आशाताईंपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आई आणि बाबा दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एकच जनुक आणि स्वच्छ हिशेब. म्हणून लग्नाआधी तपासणी करा, असं आपण सांगू शकतो.

एमएसमध्ये असा हिशेब मांडता येत नाही. दोनशेहून जास्त जनुकीय फरक त्याच्याशी जोडलेले आढळले आहेत आणि त्यातला प्रत्येक जण थोडं थोडं वजन टाकतो. सगळ्यात जास्त वजन असलेला फरकसुद्धा जोखीम साधारण तिप्पट करतो. मुळात शक्यता लाखात काही जणांची असताना ती तिप्पट झाली, तरी तो फरक बाळगणाऱ्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर एमएस होत नाही. जुळ्या भावंडांचं उदाहरण घ्या. एकाच बीजांडापासून झालेल्या, सगळी जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांपैकी एकाला एमएस झाला, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता पाश्चात्त्य देशांत सुमारे २५ टक्के आढळली. म्हणजे चारपैकी तीन वेळा दुसरं भावंड निरोगी राहतं. सगळं जनुकांतच लिहिलेलं असतं, तर असं झालं नसतं.

तेव्हा जोखीम हा मोठ्या गर्दीचा हिशेब आहे. एक लाख अशी माणसं आणि एक लाख तशी माणसं घेतली, तर कुठे जास्त जण आजारी पडतात एवढंच त्यावरून कळतं. समोर बसलेल्या एका मुलीला तो का झाला, हे त्यावरून सांगता येत नाही. तिच्या आईने काय खाल्लं, तिने काय पाप केलं, हे तर अजिबातच नाही. जोखमीचे आकडे घरात पोहोचले की त्यांचं आरोपात रूपांतर होतं. मला आज तेच थांबवायचं आहे.

मुंबईचे पारशी आणि इंग्लंडला गेलेले आपले लोक

आता महाराष्ट्रातलंच एक उदाहरण. भारतात एमएस जवळपास नाहीच, असं अनेक वर्षं मानलं जायचं. १९८० च्या दशकात मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी झाली. डॉ. नोशीर वाडिया यांच्यासारख्या मेंदूविकारतज्ज्ञांनी या कामात लक्ष घातलं. पारशी समाजात लाखामागे २० हून जास्त रुग्ण सापडले. त्या काळी भारतासाठी जो अंदाज केला जायचा, त्याच्या कितीतरी पट. शहर तेच, ऊन तेच. पारशी हजारेक वर्षांपूर्वी इराणमधून आले आणि लग्नं समाजातच करत राहिले. म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या जनुकांचा वाटा आहे, हे इथे स्पष्ट दिसलं.

एवढ्यावर थांबलो तर चुकीचा धडा शिकू. म्हणून दुसरं उदाहरण. भारतीय उपखंडातून, आफ्रिकेतून आणि वेस्ट इंडीजमधून इंग्लंडला गेलेल्या लोकांमध्ये एमएस फार कमी होता. पण त्यांची जी मुलं इंग्लंडमध्येच जन्मली, त्यांच्यात त्याचं प्रमाण तिथल्या इतर लोकांच्या जवळ पोहोचलं. हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकं आईबापांचीच होती, बदललं ते बालपण. कुठलं ऊन, कुठले जंतू, कुठलं राहणीमान, हे सगळं बदललं आणि एका पिढीत जोखीम बदलली.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की विषय समजतो. जनुकं जमीन देतात. त्यावर काय उगवेल हे बालपणीच्या आणि किशोरवयाच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं.

एक विषाणू, जो जवळपास सगळ्यांना होतो

२०२२ मध्ये अमेरिकेतून एक फार मोठा अभ्यास आला. तिथल्या सैन्यात एक कोटीहून जास्त तरुणांचे रक्ताचे नमुने वीस वर्षं साठवले होते. त्यातल्या ९५५ जणांना सेवेत असताना एमएस झाला. त्यांचे जुने नमुने तपासल्यावर दिसलं की एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसची जोखीम ३२ पटींनी वाढली होती. इतर विषाणूंच्या बाबतीत तसं दिसलं नाही.

ऐकून घाबरू नका. हा विषाणू जगातल्या ९५ टक्के प्रौढांच्या शरीरात असतो. तुमच्या आणि माझ्याही असण्याची शक्यता खूप आहे. तो लाळेतून पसरतो. दाटीवाटीच्या घरात, एका ताटात जेवणाऱ्या भावंडांत तो लहानपणीच येतो आणि साध्या सर्दीतापासारखा निघून जातो. ऐसपैस घरात वाढलेल्या मुलांना तो उशिरा, किशोरवयात गाठतो. तेव्हा ताप, घसा आणि मानेच्या गाठी असा मोठा आजार होऊ शकतो. किशोरवयात असा आजार झालेल्यांमध्ये पुढे एमएसची जोखीम साधारण दुप्पट आढळते. आपल्याकडे एमएस कमी असण्याचं हे एक कारण असू शकतं, असं तज्ज्ञ मानतात. विषाणू गरजेचा दिसतो, पण तो एकटा पुरेसा नाही. नाहीतर जगातल्या सगळ्यांनाच एमएस झाला असता. आणि एक नक्की सांगते, एमएस हा स्वतः संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, तिच्याजवळ झोपल्याने तो कुणाला होत नाही.

ऊन, व्हिटॅमिन डी आणि पडदा

विषुववृत्तापासून जितकं दूर जावं, तितका एमएस वाढतो, असा सर्वसाधारण नकाशा आहे. त्यामुळे संशोधकांचं लक्ष उन्हाकडे आणि व्हिटॅमिन डीकडे गेलं. २००६ साली अमेरिकी सैनिकांच्याच नमुन्यांवरून दिसलं की गोऱ्या सैनिकांत ज्यांच्या रक्तात व्हिटॅमिन डी जास्त होतं, त्यांना एमएस कमी झाला. काळ्या आणि हिस्पॅनिक सैनिकांत हा संबंध तसा स्पष्ट दिसला नाही.

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो. इथे उन्हाची कमी कशी, असं तुम्ही म्हणाल. पण भारतभर, भरपूर ऊन असलेल्या शहरांतही, व्हिटॅमिन डीची कमतरता सर्रास सापडते. सावळ्या कातडीला तेवढंच व्हिटॅमिन तयार करायला जास्त वेळ ऊन लागतं. दिवस कारखान्यात, ऑफिसात, शिकवणीत आणि मोबाइलवर जातो. अंगण गेलं, फ्लॅट आला.

आता कुणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारते. बुरख्यामुळे एमएस होतो का? दोन्ही बाजूंनी या प्रश्नाचा गैरवापर होतो, म्हणून सरळ बोलू. अंग पूर्ण झाकून दिवसभर घरात राहणाऱ्या बाईच्या शरीरात व्हिटॅमिन डी कमी तयार होतं, ही वस्तुस्थिती आहे. ती डोक्यावरून पदर घेऊन माजघरात वावरणाऱ्या हिंदू बाईलाही लागू आहे आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगारालाही. इराण, कुवेत, सौदी अरेबिया या देशांत गेल्या तीन-चार दशकांत एमएसचं नोंदलेलं प्रमाण वेगाने वाढलं. पण तिथल्या अनेक भागांतल्या बायका तर पिढ्यान्‌पिढ्या अंग झाकत आल्या होत्या. मग आजार आत्ताच का वाढला? या काळात एमआरआय आला, निदान वाढलं. त्याचबरोबर गाडी, एसी, बैठं जगणं, लठ्ठपणा आणि धूम्रपान वाढलं. त्यामुळे कपड्याकडे बोट दाखवून विषय संपत नाही. ‘धर्माच्या गोष्टीत आरोग्य आणू नका’ असं म्हणूनही तो संपत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. मुलींना उन्हात यायला जागा आणि मोकळीक हवी. गच्ची, परसदार, शाळेचं मैदान, मुलींचा खो-खो. हिवाळ्यात हातपाय आणि चेहरा अर्धा तास उन्हात राहील अशी व्यवस्था घरच्या घरातही होते. उन्हाळ्यात मात्र भर दुपारी नको, उष्माघात हा इथला जास्त जवळचा धोका आहे. ज्यांना सतत अंगदुखी, थकवा आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून व्हिटॅमिन डी तपासून घ्यावं. फक्त गोळ्या खाल्ल्याने एमएस टळतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. हाडांसाठी मात्र ते नक्कीच गरजेचं आहे. दुकानातून आणून मनाने मोठे डोस घेऊ नका, त्याचाही त्रास होतो.

धूर, खर्रा आणि वजन

बदलता येण्यासारख्या जोखमींत सगळ्यात पक्का पुरावा धूम्रपानाचा आहे. सिगारेट ओढणाऱ्यांत एमएसची जोखीम साधारण दीडपट दिसते. आजार झाल्यावरही ओढत राहिलं, तर तो वेगाने बिघडतो. दुसऱ्याच्या धुराचीही झळ लागते, असं काही अभ्यास सांगतात.

मग खर्रा? आपल्या भागात सिगारेटीपेक्षा खर्रा जास्त, बायकांतही. इथे मी प्रामाणिक राहीन. तोंडात ठेवायच्या तंबाखूने एमएस वाढतो, असं दिसलेलं नाही. स्वीडनमध्ये तोंडात तंबाखू ठेवणाऱ्यांचा अभ्यास झाला, त्यात जोखीम वाढलेली आढळली नाही. म्हणून असं मानतात की त्रास निकोटिनचा नसून फुप्फुसात जाणाऱ्या धुराचा असावा. आता खर्रा खाणाऱ्यांनी टाळ्या वाजवू नका. खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर होतो, तोंड उघडेनासं होतं. त्यासाठी गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’चं काम चालू आहे. खर्रा सोडायला तेवढं कारण पुरे आहे. त्यात एमएसचं खोटं कारण मिसळायची गरज नाही. एक खोटी भीती उघडी पडली की लोक दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास सोडतात.

हवेचा प्रश्न चंद्रपूरकरांना वेगळा सांगायला नको. २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक विद्युत केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर अतिप्रदूषित क्षेत्रांमध्ये होतं. हवेतल्या बारीक कणांचा एमएसशी संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसला नाही. दमा, हृदय आणि फुप्फुसं यांच्यासाठी मात्र तो वाद कधीच मिटला आहे. स्वच्छ हवेची मागणी करायला तेवढा आधार बळकट आहे.

वजनाचं म्हणाल, तर किशोरवयातला लठ्ठपणा महत्त्वाचा आहे. अठराव्या वर्षी लठ्ठ असलेल्या मुलींमध्ये पुढे एमएसची जोखीम दुपटीच्या आसपास आढळली. आपल्या शहरांतल्या मुलींचं खेळणं बाराव्या-तेराव्या वर्षी बंद होतं. ‘आता मोठी झालीस’ असं आपण म्हणतो. ऊन आणि व्यायाम दोन्ही एकाच दिवशी तोडतो.

ज्याने एमएस होत नाही

लसीने होत नाही. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये कावीळ ‘ब’च्या लसीने एमएस होतो अशी ओरड झाली आणि १९९८ मध्ये तिथल्या सरकारने शाळांतलं लसीकरण थांबवलं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसा संबंध सापडला नाही. तोवर किती मुलांची लस राहिली, विचार करा. आपल्या मोहल्ल्यात लसीबद्दल अफवा आली तर हे उदाहरण सांगा.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न नेहमी येतो. थॅलेसेमिया, सिकलसेलसारख्या आजारांत जवळच्या नात्यातल्या लग्नाने धोका स्पष्टपणे वाढतो, तिथे तपासणी कराच. एमएस त्या जातीचा एका जनुकाचा आजार नाही. ‘मामेभावाशी लग्न झालं म्हणून झालं’ असं कुणाला सांगू नका.

उष्णतेनेही एमएस होत नाही, पण झालेला असेल तर लक्षणं तात्पुरती वाढतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच हे टिपून ठेवलं होतं. शरीर तापलं की सोललेल्या नसेतून संदेश आणखी अडखळतो. आपल्या मे महिन्यात एमएसचा रुग्ण दुपारी उठू शकत नाही आणि संध्याकाळी चालतो. घरचे म्हणतात, नाटक करते. नाटक नाही. ओला टॉवेल, कूलर, सकाळी लवकर कामं उरकणं, एवढ्यानेही तिला दिलासा मिळतो.

नजर, जिन्न, करणी याबद्दल आता बोलते. आजार झटक्याने येतो आणि आपोआप ओसरतो, हे मी सुरुवातीला सांगितलं. समजा एका मुलीच्या एका डोळ्याला अंधारी आली. आठवड्याने घरच्यांनी ताईत बांधला. तीन आठवड्यांनी दिसू लागलं. श्रेय कुणाला? ताईताला. पुढच्या वर्षी पाय बधिर झाले. कुणी गावातल्या डॉक्टरकडे ताकदीचं इंजेक्शन घेतलं, महिन्याने पाय चालू लागले. श्रेय इंजेक्शनला. या आजारात मधल्या काळात जो कुणी भेटतो, तो हकीम ठरतो. कुणी लबाडी केली नाही तरी असं होतं. आणि तिसऱ्या-चौथ्या झटक्यानंतर पाय परत येत नाहीत, तेव्हा उपचाराचा सगळ्यात मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

दुआ मागायला कुणाची मनाई नाही. नागपूरला ताजाबादला जा, मन मोकळं करा. पण त्याच नागपुरात मेडिकल आहे, एम्स आहे. एकाच फेरीत दोन्हीकडे जाता येतं. दवा घेणं हे आपल्या धर्मात ईमानाच्या विरोधात कधीच मानलेलं नाही.

कधी सावध व्हायचं

ही लक्षणं लिहून घ्या. एका डोळ्याने काही दिवसांत धूसर दिसू लागणं, डोळा हलवताना दुखणं. कमरेखाली किंवा अंगाच्या एका बाजूला बधिरपणा, मुंग्या, आणि ते २४ तासांहून जास्त टिकणं. मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होणं. एकाच्या दोन वस्तू दिसणं, तोल जाणं. लघवी रोखता न येणं किंवा अडणं. अशी गोष्ट एकदा झाली आणि बरी झाली, तरी ती तारखेसह वहीत लिहा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

यातलं प्रत्येक लक्षण म्हणजे एमएस नव्हे. आपल्या भागात बी-१२ ची कमतरता आणि मणक्याचा टीबी पुष्कळ दिसतो. धानाच्या पट्ट्यात लाखोळी डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने पाय कडक होण्याचा आजारही माहीत आहे. एनएमओ नावाचा एमएससारखाच दिसणारा आणखी एक आजार आहे. त्याची वेगळी रक्ततपासणी असते आणि एमएसची काही औषधं त्यात उलटी पडतात. म्हणून निदान तज्ज्ञांनीच, एमआरआय पाहून करायचं.

चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. सिरोंच्याहून तीनशेच्या वर. मजुरी बुडते, सोबत माणूस लागतं, बाईला एकटीला पाठवत नाहीत. त्यामुळे हे वैयक्तिक हिमतीवर सोडता येत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि आशाताईंनी मिळून सोबत जायची यादी तयार केली, तर पहिली फेरी तरी होईल.

एमएस पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. पण झटके कमी करणारी, नुकसान लांबवणारी औषधं आहेत. काही फार महाग आहेत, तर काहींच्या जेनेरिक गोळ्या भारतात मिळतात. जितक्या लवकर सुरू, तितका फायदा. व्यायाम हा उपचाराचा भाग आहे, हे माझ्या धंद्याचं म्हणून नव्हे, अनुभवाचं म्हणून सांगते.

लग्न, रोजा आणि कायदा

एमएस असलेली मुलगी लग्न करू शकते, आई होऊ शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर झटके कमी होतात. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत ते वाढू शकतात, तेव्हा मदतीला माणसं लागतात. काही औषधं मात्र गर्भधारणेआधी थांबवावी किंवा बदलावी लागतात, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलायचं. आजार लपवून लग्न लावू नका. आणि आजार कळला म्हणून बायकोला माहेरी पाठवणाऱ्याला समाजात सहज मान मिळू देऊ नका. नवऱ्याला एमएस झाला की बायको सेवा करते, ते सगळ्यांना स्वाभाविक वाटतं. उलट झालं की जमातीचे मोठे ‘दुसरं लग्न’ सुचवतात. हा भेद आजाराने केलेला नाही, आपण केला आहे.

रोजाबद्दल. आजारी माणसाला सवलत धर्मानेच दिली आहे. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये पाणी न पिता तापणं एमएसच्या रुग्णाला जड जातं, औषधांच्या वेळाही चुकतात. ‘सगळे करतात, तुला काय झालं’ असं म्हणून तिला शरमिंदं करू नका. काय झेपेल ते तिने आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवावं.

कायद्याचंही माहीत असू द्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मागता येतं, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर अनेक योजनांचा हक्क मिळतो. अडचण अशी की थकवा, धूसर दृष्टी, लघवीचा त्रास बाहेरून दिसत नाही आणि झटके येतात-जातात. ज्या दिवशी तपासणी, त्या दिवशी माणूस चालता असेल तर टक्केवारी कमी लागते. म्हणून सगळे जुने कागद आणि झटक्यांची वही सोबत न्या. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या ३४व्या कलमात मात्र एमएसचं नाव थेट नाही. ही मागणी करण्यासारखी आहे आणि ती रुग्णांनी एकट्याने करायची नाही. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते, त्यांच्याशी संपर्क ठेवा.

जाताना तीन कामं देते. शिबिरातल्या प्रत्येकाने लक्षणांची यादी घरातल्या एका बाईला आणि शेजारच्या एका घरी वाचून दाखवावी. ज्यांच्या हातात सिगारेट आहे त्यांनी ती सोडण्याची तारीख आज मित्रासमोर सांगावी. आणि तुमच्या गावात ‘बाहेरचं लागलं’ म्हणून एखादी तरुण मुलगी खोलीत बसून असेल, तर तिच्या अम्मीला भेटा. आजार कसा झाला हे विचारू नका. कधीपासून आहे, मध्ये बरं वाटलं होतं का, कुणाला दाखवलं, एवढं विचारा आणि नागपूरच्या गाडीची वेळ सांगून या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.